दर महिन्याचा नारळ

हे सगळं घडेपर्यंत माझे कान उत्तम होते.

निदान माझं तसं मत होतं. उभी नोकरी मी एका सूतगिरणीत हिशेबनीस म्हणून काढली. माझं टेबल भिंतीच्या अलीकडे आणि यंत्रं पलीकडे. भिंत नावालाच होती. तिथे 'चहा घेता का' हेसुद्धा लोक ओरडून विचारायचे, त्यामुळे स्पष्ट बोलण्याची मला सवय लागली. निवृत्त होऊन दारव्ह्याच्या घरी बसलो तेव्हा कळलं, की बाहेरच्या जगात माणसं फार पुटपुटतात. बायको पुटपुटते, जावई पुटपुटतो, टीव्हीवर बातम्या देणारे लोक तर पगार घेऊन पुटपुटतात. माझी बायको विमल एकदा म्हणाली, यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. मी म्हटलं, आधी तुम्हा सगळ्यांना तोंडाच्या डॉक्टरकडे नेतो. मला हा विनोद फार आवडला होता. तिला नाही आवडला.

एरवी विमलबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. ती घरी ब्लाउज शिवते, शेजारपाजारच्या बायका तिच्याकडे येतात, दिवसभर मशीन खडखडत असते. गेल्या वर्षभरात मात्र ती एकाएकी धार्मिक झाली होती. महिन्यातून एका शुक्रवारी पिशवी घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "ओटी भरून येतो." आमच्या वऱ्हाडात बायकाही येतो-जातोच म्हणतात, त्यात काही विशेष नाही. देवीची ओटी भरायची म्हणजे खण आला, नारळ आला. अशा वेळी घरच्या पुरुषाने हात आखडता घेऊ नये, असे माझ्यावर संस्कार आहेत. मी बाजारातून नारळ आणून ठेवू लागलो. खणांचा तर गठ्ठाच उचलला, ठोक भावात बरा पडला. तिने 'ओटी' म्हटलं की मी उठायचो आणि खण-नारळ तिच्या हातात द्यायचो.

पहिल्यांदा दिला तेव्हा ती माझ्याकडे पाहतच राहिली. डोळे भरून आले तिचे. मी म्हटलं, "जा, भरून ये. मनात काही ठेवू नको." तिने पदराने नाक पुसलं आणि ती गेली. नारळाचे भाव तेव्हा आभाळाला टेकले होते, पण बायकोच्या डोळ्यांत असं पाणी येणार असेल तर नारळ महाग नाही, असा मी हिशेब केला. हिशेबनीस माणूस मी, हिशेब केल्याशिवाय मला भावनासुद्धा होत नाहीत.

आता तर्री-पोह्यांकडे येतो, कारण माझ्या मानहानीची सुरुवात तिथे झाली.

आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा एक कंपू आहे. फिरणं थोडं आणि पोहे जास्त. त्या दिवशी पैसे द्यायची पाळी माझी होती. मी ऐटीत मोबाइल काढला, टपरीवरचा चौकोन टिपला, आकडा टाकला. पैसे गेले नाहीत. पुन्हा टाकला. तेव्हा टपरीवाला कढईवरून माझ्या मोबाइलात वाकला आणि चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काका, खात्यात पैसेच नाही म्हणते." या माणसाचं बोलणं मात्र मला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आलं.

पैसे नागोरावांनी दिले. नागोराव आमचे शेजारी, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. समोरचा तोंड उघडायच्या आत सल्ला फाडून त्याच्या हातात द्यायचा, ही सवय त्यांची नोकरीतलीच. घरी पोचेपर्यंत त्यांनी मला तीन शक्यता सांगितल्या आणि दुपारपर्यंत त्या गल्लीला सांगितल्या. माझ्याकडून ते परत पैसे घेईनात. "राहू द्या, रामराव. तुमच्यावर वेळ आली आहे," असं म्हणाले. हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी विमल बाहेर गेली आणि मी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. साक्षीला नागोराव होतेच, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बरीच गाणी ऐकल्यावर एक मुलगी हिंदीतून पुटपुटू लागली. "सर, आपके जॉइंट अकाउंट से ऑडी का चार्ज कट रहा है."

"बेटा," मी म्हटलं, "हमारे पास स्कूटर है. वह भी पुराना."

"नहीं सर, विमल गावंडे मॅडम के नाम पर ऑडी है ना?"

मी उठून खिडकीतून अंगणात पाहिलं. खोटं कशाला बोलू, खरंच पाहिलं. अंगणात स्कूटर आणि तुळस, एवढंच होतं. नागोरावांनी माझ्या हातातला फोन घेऊन स्पीकर लावला, मुलीशी बोलले आणि फोन ठेवून माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिलं, की ते गावात कोणाचं वारल्याचं सांगायला आलेत असं वाटावं.

"ऑडी गाडी नाही हो, ओडी! ओव्हरड्राफ्ट. आपली एफडी बँकेत गहाण ठेवून कर्ज उचलतात, थे. वहिनीनं काढलं आहे. त्याचं व्याज, दंड, अन् कायचा तं इमा, सारं तुमच्या दोघायच्या खात्यातून कापून राह्यले वर्षभरापासून. तुमाले सांगतलं नाई काहो त्यायनं?"

मी नाही अशी मान हलवली. नागोराव खुर्चीत मागे टेकले आणि स्वतःच्या बायकोचं कौतुक सांगू लागले. "बाप्पा! आमची नंदा पाहा. एक रुपया खर्च केला, तं संध्याकाळी हिशेब देते. लपवणं म्हून माहीतच नाई तिले."

ती एफडी विमलची स्वतःची होती. शिवणाच्या पैशांतून साठवलेली. तिने ती मोडली असती तरी मी विचारणार नव्हतो. मग कर्ज कशाला? आणि मला न सांगता कशाला? राग आला, हे खरं. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला असं काय लागलं, की जे माझ्याकडे मागता आलं नाही? आणि वर ती दर महिन्याला देवीची ओटी भरत होती. हे कर्ज फिटावं म्हणून नवस असणार, हे आता माझ्या लक्षात आलं. म्हणजे देवीला सगळं माहीत होतं आणि मला नाही.

मी ठरवलं, विमलला एक शब्द बोलायचा नाही. आधी बँकेने खाल्लेले पैसे परत काढायचे, मग एखाद्या संध्याकाळी ते तिच्यापुढे ठेवायचे आणि गप्प बसायचं. या गप्प बसण्याचा मी आरशापुढे सरावही केला. फार उदात्त दिसत होतो.

बँकेत मला पहिल्याच दिवशी कळलं, की पैसे परत मागण्याआधी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं. आधार कार्डावर माझं नाव रामराव गावंडे. बँकेत मात्र रामरावजी गावंडे. खातं उघडलं तेव्हा गिरणीतल्या कोणा आदबशीर लिपिकाने फॉर्म भरला होता, त्याने 'जी' लावला आणि तो 'जी' कायमचा बँकेत जमा झाला. आता संगणक म्हणे की ही दोन माणसं आहेत. मग तहसीलजवळच्या झाडाखाली बसून मी स्टँपपेपरवर लिहून दिलं, की रामरावजी नावाचा जो इसम आहे तो मीच असून, यापुढे मला नुसतं रामराव म्हणावं. बायकोच्या कर्जापायी माणसाचं काय काय जातं! माझा तर 'जी' गेला.

मग पासबुक छापायचं यंत्र बंद. मग नेट बंद. मग नेट सुरू, पण ते टेबल सांभाळणारे साहेब लग्नाला आर्णीला गेलेले. कंपूतला देवीलाल म्हणाला, वरच्या ओळखीशिवाय काही होत नाही, माझा साडू नागपूरला बँकेत आहे. त्या साडूला फोन केला तर तो बँकेत नसून बँकेच्या खालच्या झेरॉक्सच्या दुकानात निघाला. नागोराव मात्र रोज माझ्यासोबत येत आणि रांगेतल्या लोकांना प्रकरण सुरुवातीपासून सांगत. "वहिनीनं घरच्याले न सांगता ओडी काढली," हे वाक्य इतक्या वेळा झालं, की बँकेचा शिपाई मला पाणी देताना हळहळायचा.

शेवटी लग्नाला गेलेल्यांच्या जागी नवीन अधिकारी आल्या. प्रेरणा राठोड. दिग्रसकडच्या एका तांड्यावरची मुलगी, कामाला चटपटीत. तिने संगणकात डोकं घातलं आणि माझ्यापुढे एक छापील अर्ज सरकवला.

"काका, तुमच्या दोघांच्या खात्यातून ओडीचे पैसे कापायची परवानगी मॅडमनी दिली होती. आता तुम्ही सांगा. यात दोनच चौकोन आहेत. 'अ' म्हणजे हे माझ्या संमतीने झालं. 'ब' म्हणजे माझ्या नकळत, फसवणुकीने झालं."

"अ केलं तर?"

"मग पैसे कापणं बरोबरच होतं. परत काही मिळणार नाही."

"आणि ब केलं तर?"

"पैसे परत मिळतील. पण फसवणूक कोणी केली, ते शोधावं लागेल. मॅडमना लेखी विचारावं लागेल."

मी तो अर्ज घरी आणला. नागोराव म्हणाले, "ब वर फुली मारा अन् मोकळे व्हा. नुसता कागद आहे थो. अन् खरं सांगू का, बाईच्या हाताले एकदा सुट्या पैशाची सवय लागली का संसार गेला. थोडा चाप पाहिजेच." मी दोन दिवस फुली मारली नाही. चौकोन अगदी एवढासा होता, पण त्यात विमलला बसवायला मन होईना. मग पुन्हा पोह्यांची टपरी आठवली, ते "तुमच्यावर वेळ आली आहे" आठवलं, आणि ब वर फुली मारून मी सही केली.

अर्ज द्यायला मुद्दाम विमलचा ओटीचा शुक्रवार निवडला. ती देवळात असणार, म्हणजे रस्त्यात भेटायची भीती नाही. सकाळी ती पिशवी घेऊन दारात आली, म्हणाली, "ओटी भरून येतो." मी खण-नारळ दिला. ती गेली. दहा मिनिटांनी मी आणि नागोराव निघालो.

बँकेत प्रेरणाबाईंच्या पुढे अर्ज ठेवला. तिने तो वाचला, मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून पैसे भरायच्या खिडकीकडे पाहून म्हणाली, "बरं झालं, मॅडम स्वतःच आल्यात."

मी वळलो. खिडकीपुढच्या रांगेत विमल उभी होती. एका हातात नोटा, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीतून मी मघाशी दिलेल्या नारळाची शेंडी बाहेर आलेली.

मला वाटलं, चुकून देवळाऐवजी इकडे आली. खरंच असं वाटलं. ती आमच्याकडे आली, नागोरावांना पाहून थोडी बिचकली आणि मला म्हणाली, "तुमी काहून आले? मी तं आलतीच ना भराले."

"काय भरायला?"

"ओडी. सांगूनच तं आली सकाळी. ओडी भरून येतो म्हटलं, नारळ नाही का दिला तुमी?"

ज्यांच्या डोक्यात कधी वर्षभर उशिरा ट्यूब पेटली नसेल, त्यांना काय सांगू. मी हळूच म्हटलं, "तू ओटी म्हणत होतीस."

"ओटी? दर महिन्याले? अन् कोणाची ओटी भरन मी एवढी?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "गेल्या उन्हाळ्यात तुमाले इचारलं होतं मी. एका बाईची लय अडचण आहे, माह्या एफडीवर ओडी काढतो म्हटलं. तुमी काय म्हटलं?"

मला आठवलं. कूलर घुमत होता, मी सोयाबीनचे भाव पाहत होतो, आणि ती गोधडी काढते म्हणाली होती. भर मे महिन्यात गोधडी कशाला, असं मनात आलं होतं. पण बायकांच्या कामात मी पडत नाही.

"मी म्हणालो, काढ आणि चांगलं ऊन दाखव."

पलीकडच्या टेबलावरचा कारकून खोकल्यासारखा हसला. विमल हसली नाही. तिचा चेहरा उतरला. "मले वाटलं, तुमाले सारं माहीत आहे," ती म्हणाली. "पैसे कोणाले दिले, कायले दिले, एका शब्दानं इचारलं नाही तुमी. वरून दर खेपेले खण-नारळ. मनात काही ठेवू नको म्हणे. मले वाटलं, केवढं मन आहे या माणसाचं. तो नारळ मी बँकेतून घरी येताना मारुतीपुढे फोडत होती."

वर्षभर ती एका मोठ्या मनाच्या माणसासोबत राहत होती. तो माणूस मी नव्हतो. मी टेबलावर ब वर फुली मारून बसलेला माणूस होतो. तिथे मला इतकी लाज वाटली, की टपरीवरची मानहानी तिच्यापुढे काहीच नव्हती.

प्रेरणाबाई एव्हाना संगणकात शिरल्या होत्या. "मॅडम दर महिन्याला रोख भरत होत्या," त्या म्हणाल्या, "आणि आमची यंत्रणा तेच व्याज तुमच्या जोडखात्यातूनही घेत होती. चूक आमची आहे. पण काका, तुमच्या अर्जावर ब आहे. आता नियमाने मला मॅडमना विचारावंच लागेल. मॅडम, ही रक्कम तुम्ही कोणाला दिली?"

 विमलने नोटा मुठीत घट्ट धरल्या.

"सांगा ना वहिनी," नागोराव पुढे सरकले. "आपलेच लोक आहोत. कायले लपवता? कोण आहे थे बाई? नाव सांगा, मी वसूल करून आणतो!"

बँकेतले पंखे घरघरत होते, नोटा मोजायचं यंत्र फडफडत होतं, पासबुकवाल्या खिडकीशी भांडण चाललं होतं. विमल माझ्याकडे किंचित वाकली. ओठ जेमतेम हलले.

"नंदाचं नाव निघू देऊ नका."

वर्षानुवर्षं सगळं जग पुटपुटत होतं, ते मला ऐकू आलं नव्हतं. हे आलं. एकेक अक्षर आलं.

"काय म्हटलं वहिनीनं?" नागोरावांनी विचारलं. प्रेरणाबाई पेन धरून थांबल्या. रांगेतले लोकही थांबले.

मी नागोरावांकडे पाहिलं. नंदाबाई रोज संध्याकाळी ज्यांना हिशेब देते, ते नागोराव.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

"इतकं जवळून?"

"मला कमी ऐकू येतं." आवाज मोठाच निघाला, कारण हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होतो. "बरीच वर्षं झाली. बाई, तो ब खोडा. हिने मला सगळं सांगितलं होतं, विचारून केलं होतं. मीच बहिरा आहे."

 प्रेरणाबाईंनी विमलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती हुशार मुलगी होती. तिने ब खोडला, अ ला हात लावला नाही, आणि शेऱ्याच्या जागी सुंदर अक्षरात लिहिलं: 'अर्जदारास पूर्वकल्पना देण्यात आली होती, अर्जदारास ती ऐकू आली नाही.' मग म्हणाली, "अशी फसवणूक होत नाही आणि अशी संमतीही होत नाही. दोनदा घेतलेले पैसे आणि दंड परत येतील. सही करा, काका." तिने शेवटचं वाक्य ओरडून म्हटलं.

येताना विमल स्कूटरवर माझ्यामागे बसली होती. नागोरावांना आम्ही मुद्दाम ऑटोत बसवून दिलं. चालू गाडीवर ती मागून काहीतरी सांगू लागली. एरवी मी "हो, हो" म्हणत गाडी चालवत राहिलो असतो. त्या दिवशी कडेला एका निंबाखाली स्कूटर थांबवली, किल्ली काढली आणि मागे वळून बसलो.

"आता सांग."

तिने सांगितलं. नंदाबाईंच्या आईचं ऑपरेशन होतं. नागोराव म्हणाले होते, माहेरचं माहेरवाल्यांनी पाहावं. नंदाबाई रात्री आमच्या मागच्या दारी येऊन रडली होती, आणि आता ती दर महिन्याला जमेल तेवढं विमलकडे आणून देत होती. भाजीतून, दुधातून वाचवून. म्हातारी बरी आहे. नागोरावांना अजून माहीत नाही, आणि नंदाची शपथ आहे.

"तिले शब्द दिलता मी," विमल म्हणाली. "तुमाले नाव नव्हतं सांगतलं, थे खरं आहे. तेवढंच लपवलं."

"ते आज सांगितलंस," मी म्हटलं. "आणि मी ब वर फुली मारली होती, हे तू पाहिलंस."

"पाहिलं." तिने पिशवी मांडीवर सावरून घेतली. "मंग खोडली, थे बी पाहिलं."

पुढे काय झालं विचाराल, तर पैसे परत आले. त्यातून आम्ही यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, आणि उरले त्यात कंपूला तर्री-पोहे झाले. नागोरावांनी मी बहिरा असल्याची बातमी दारव्ह्यात इतक्या तळमळीने पोचवली, की आता भाजीवाली, टपरीवाला, पोस्टमन, सगळे माझ्याशी गिरणीतल्यासारखे ओरडून बोलतात. कानात यंत्र आहे, ऐकू छान येतं, हे मी सांगत नाही. नागोराव तर माझ्या कानाशी येऊन किंचाळतात, "सांभाळून राहा, रामराव! तुमाले समजत नाही, पण वहिनी पैसे कोणाले तरी देऊन राह्यल्या!" मी हात कानाशी नेऊन विचारतो, "काय म्हटलं?"

मागच्या शुक्रवारी विमल पिशवी घेऊन दारात आली. ओडीचे थोडेच हप्ते राहिलेत.

"ओडी भरून येतो," ती हळूच म्हणाली. ऐकू आलं का, हे पाहायला थांबली.

ओडीच म्हणाली. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. मी उठलो, आत गेलो, आणि नारळ आणून तिच्या हातात दिला.